दुसऱ्या टोकाचं वजन

आजोबांनी तिचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं आणि ते तिला असं चिकटलं की खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं. आई निदान "इन्स्पेक्टरबाई, जेवायला या" असं मानाने बोलवायची. शेजारच्या शिवणमावशींना तेवढा वेळ नसायचा. त्या दिवसभर मशीनवर पिशव्या शिवायच्या आणि दोऱ्यासारखंच बोलणंही दाताने तोडून टाकायच्या. "ए इन्स्पेक्टर," एवढंच.

या नावाचं कारण आजोबांच्या खोलीत पडद्यामागे उभं होतं. तिच्या कमरेएवढा उंच, काळ्या अंगाचा ऑक्सिजनचा सिलिंडर.

आजोबांची फुप्फुसं थकली होती. जन्मभर त्यांनी लिफ्टा दुरुस्त केल्या, अंधाऱ्या बोगद्यात लोंबकळून धूळ आणि ग्रीस खाल्लं, आणि म्हातारपणी त्या धुळीने हिशेब मागितला. आता त्यांच्या पलंगाशेजारी एक मशीन होतं. ते खोलीतलीच हवा ओढून घ्यायचं, गाळायचं आणि नळीतून आजोबांच्या नाकाशी पोचवायचं. दिवसरात्र घूंऽऽ चालू. घरातले सगळे त्या आवाजावर थोडं ओरडून बोलायचे. ते मशीन विजेवर चाले, आणि वीज काही कोणाच्या घरची नव्हती. गेल्या हिवाळ्यात एकदा गेली, तेव्हा घरात सिलिंडर नव्हता. आजोबांचे ओठ शाईसारखे झाले. चादरीची झोळी करून त्यांना जिन्याने खाली न्यावं लागलं, आणि सहाव्या मजल्यावरून तळापर्यंत इन्स्पेक्टर त्या झोळीचा एक कोपरा धरून होती. आजोबा परत आले. सिलिंडरही आला. पण झोळीचा तो कोपरा तिच्या मुठीतून काही सुटला नाही.

तेव्हापासून ती तपासायची.

सिलिंडरवर घड्याळासारखा एक काटा असतो. सिलिंडर बंद असला की काटा शून्यावर झोपलेला असतो, मग आत हवा भरलेली असो नाहीतर नसो. आत किती आहे ते बघायचं तर चावी फिरवून उघडायलाच लागतं. मग काटा उठतो, बघायचं, चावी घट्ट बंद करायची. सिलिंडरवाल्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, हे खेळणं नाही. भरलेला आहे, मी सांगतोय. लाईट गेली की उघडायचा. एरवी हात लावायचा नाही."

तिने शहाण्या मुलीसारखी मान हलवली होती. त्याची पावलं जिन्यात विरली आणि ती पडद्यामागे गेली.

बरं, नुसत्या काट्यावर तिचा विश्वास बसेना. काटा अडकलेला असला तर? म्हणून ती बारकी कळही सोडून बघायची आणि नळीच्या तोंडाशी कान नेऊन 'सूं' ऐकायची. सूं आलं की छातीतलं ओझं उतरायचं. ते जेमतेम हात धुऊन येईपर्यंत उतरलेलं राहायचं, मग आपलं परत जागेवर.

आईने रागावून बघितलं. आजोबांनी थट्टा करून बघितली. "काय इन्स्पेक्टर, चोर सापडला का?"

"तुम्हाला काय, तुम्ही आरामात पडलाय."

"आरामात," आजोबा म्हणायचे. "ऐषच चाललीये माझी."

तिचा दिवस असा. सकाळी आई घरी, ती शाळेत. ती घरी आली की आई बिस्किटांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायची, आणि दार बंद झालं की खोली तिच्यावर मिटायची. एक खिडकी, समोरच्या इमारतीची पाठ, तिच्यावर कोणाचेतरी कायम वाळत असलेले टॉवेल. मशीनला पाठ टेकून ती गृहपाठ करायची. दूध आणायला खाली जायचं म्हटलं तरी जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पाय मागे फिरायचे. लिफ्टने तर ती जायचीच नाही. मधे अडकले आणि वर आजोबांना काही झालं तर? शनिवारी दुपारी चर्चमधे गायनाचा सराव असायचा. तिचा आवाज असा की मागच्या बाकावरची पेंगणारी माणसं ताठ बसायची, पण तिने सराव सोडला त्याला कित्येक महिने झाले होते. मावशी म्हणायच्या, "अगं मी बसते आजोबांपाशी, माझं मशीन आणते इकडे." ती म्हणायची, "नको मावशी." मावशींना 'सूं' ऐकता येतं की नाही याची तिला खात्री नव्हती.

प्रार्थना ती करायची, नाही असं नाही. झोपताना गुडघे टेकून अगदी मन लावून. पण ती प्रार्थना कसली, देवबापाला दिलेली ड्युटी होती. वीज जाऊ देऊ नकोस. गेली तर मी घरात असताना जाऊ दे. मशीनची गाळणी तुंबू देऊ नकोस. आमेन म्हणून झालं की उठून एकदा पडद्यामागे. देवाने काम केलंय की नाही, तेही तपासायला नको?

आजोबांना हे दिसत होतं. एकदा त्यांनी तिला जवळ बसवलं.

"लिफ्टमधे माणूस अडकला की पहिलं काय करतो, सांग."

"घंटी वाजवतो."

"छे. पहिल्यांदा दरवाजा ओढतो. बोटं सोलून घेतो. आणि मग त्याला वाटायला लागतं की आतली हवा संपणार. सगळ्यांना वाटतं. चांगली शिकलेली, धडधाकट माणसं गळ्याचं बटण सोडून हाशहुश करायची." आजोबा श्वासासाठी थांबले. त्यांचं बोलणं असं टप्प्याटप्प्याने यायचं. "आता लिफ्ट म्हणजे काय बरणी आहे? वर फट, खाली फट. हवा कधीच संपत नाही. पण आतल्याला ते पटत नाही. मी वर, लिफ्ट हाताने सरकवायच्या चाकापाशी असायचो, त्याच्यासाठीच घाम गाळत. त्याला मी दिसायचो नाही. म्हणून तो धरून चालायचा की कोणी नाहीच."

"मग तुम्ही ओरडून सांगायचा ना."

"सांगायचो की. पण स्वतःच्या ओरडण्यात त्याला ऐकू यायला हवं ना."

इन्स्पेक्टरला कळलं हे तिच्यावर चाललंय. तिने तोंड फुगवलं.

"आणि दुसरी गंमत," आजोबा म्हणाले. "लोकांना वाटतं मोटर एकटी लिफ्टला वर ओढते. तसं नसतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन असतं, हे एवढ्या लोखंडी लाद्या. लिफ्ट खाली गेली की ते वर, लिफ्ट वर आली की ते खाली. जन्मभर लिफ्टने ये-जा करणाऱ्यानेही ते कधी बघितलेलं नसतं. पण तुझा अर्ध्याहून जास्त भार तेच तोलतं."

"म्हणजे देव लोखंडी लाद्यांसारखा आहे?"

"म्हणजे देवाला तू दिवसातून शंभरदा तपासलंस तरी तो कंटाळत नाही," आजोबा हसले, आणि हसता हसता खोकला लागला. "मी कंटाळतो."

त्या दिवशी ती रुसली. पडद्यामागे मात्र गेलीच.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी आई पाळीवरून लवकर आली. इन्स्पेक्टर पडद्यामागे होती. काटा बघून झाला होता, कळ सोडून 'सूं' ऐकणं चाललं होतं, तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. आईने आता पडद्यामागे पकडलं तर रात्रभर भाषण. तिने घाईघाईने चावी फिरवली आणि दोन उड्यांत पुस्तकापाशी येऊन बसली. आईने बघितलं, मुलगी अभ्यास करतेय. मुलीला वाटलं, बचावले. मशीन आपलं घूंऽऽ करत राहिलं.

रात्री आई आजोबांच्या पलंगाशीच आडवी झाली, त्यामुळे आमेननंतरची पडद्यामागची फेरी राहिली. शनिवारी सकाळी आई आजोबांना अंघोळ घालण्यात गुंतलेली, खोलीतून हलेना. शाळेत इन्स्पेक्टरला बाकावर नीट बसवेना. घरी आल्यावर आई कारखान्यात जाईपर्यंत तिने कसाबसा दम धरला. दार लागलं, आणि ती पडद्याकडे वळली.

तेवढ्यात वीज गेली.

मशीनने एक लांब किंकाळी फोडली आणि ते गप्प झालं. इतक्या महिन्यांनी खोली शांत झाली. समोरच्या इमारतीतलं भांडण ऐकू आलं, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले. सिग्नलही गेले असणार. तिचे हात मात्र तयार होते, मनात हे तिने कितीदा केलं होतं. मशीनची नळी काढली, सिलिंडरला लावली, चावी उघडली, काट्याकडे बघितलं.

काटा शून्यावर.

चावी आणखी फिरवायला गेली तर ती आधीच उघडी. कळही उघडीच. काल संध्याकाळी घाईत तिने चावी फिरवली होती, घट्ट केली नव्हती. रात्रभर आणि सकाळभर सिलिंडर 'सूं' करत राहिला होता आणि मशीनच्या घूंमधे कोणाला ऐकू आलं नव्हतं. राखायचं म्हणून ज्याला सारखा हात लावला, ते तिच्याच हाताने सांडून गेलं होतं.

"आजोबा," ती म्हणाली.

आजोबांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना समजलं. त्यांनी हाताने खूण केली, उठवून बसव. ती त्यांच्या पाठीशी उशा लावायला लागली तशी त्यांनी मान हलवली आणि पुढे झुकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून, मेणबत्ती हळूच विझवावी तसा ओठांतून श्वास सोडायला सुरुवात केली. डॉक्टरांनी शिकवलं होतं. सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर.

तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला. गाडी निघतेय, पण सगळीकडचीच लाईट गेलीये, रस्ते तुंबलेत, वेळ लागेल. आईला फोन केला, पण कारखान्यात फोन कपाटात ठेवायला लागतात. तो तिथे वाजत राहिला. मग करण्यासारखं काही उरलं नाही. ती आजोबांचं मनगट धरून बसली. खोली तेवढीच होती, पण भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटत होत्या. प्रार्थना आठवेना. ड्युटी द्यायची तरी कोणत्या तोंडाने? चूक देवाची नव्हती, तिची होती.

कुठूनतरी खालून घंटी वाजायला लागली. लिफ्टची. पाठोपाठ दारावर थापा.

"ए इन्स्पेक्टर, लिफ्टमधे कोणीतरी अडकलंय, बोंबलतंय. आजोबांना विचार काय करू." इमारतीतलं कोणीही लिफ्टचं काही झालं की अजून आजोबांनाच विचारायचं. मावशी दार ढकलून आत आल्या आणि जागेवरच थबकल्या. "काय झालं? नळी का नाही लावली?"

"सिलिंडर रिकामा आहे, मावशी."

"असा कसा रिकामा?"

आजोबांनी एक बोट वर केलं. "कोण आहे... विचार... लिफ्टमधे."

या वेळी ही चौकशी कशाला, असं मावशींच्या कपाळावर स्पष्ट लिहिलं होतं, पण त्या गेल्या. जिन्यातून त्यांचा खणखणीत आवाज ऐकू आला. "ओऽ, आत कोण आहे?" खालून अस्पष्ट काहीतरी. "काय?" पुन्हा काहीतरी.

मावशी परत आल्या त्या दाराची चौकट धरूनच उभ्या राहिल्या.

"तो सिलिंडरवाला आहे गं. म्हणतो, तुमच्याकडेच येत होतो. भरलेला घेऊन."

"आज? आज त्याचा सिलिंडर बदलायचा वार नाही. पुढच्या आठवड्यात आहे."

"मला काय विचारतेस? अडकलाय पाचव्याच्या जरा खाली."

आजोबांच्या खांद्यांना हिसके बसले. ती घाबरली, मग तिला दिसलं की ते हसतायत. श्वास नव्हता तरी हसत होते.

"चावी," ते म्हणाले आणि भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर लाकडी क्रूस होता आणि त्याच्या खालच्या खिळ्याला गच्चीवरच्या, लिफ्टच्या मशीनच्या खोलीची चावी. आजोबा निवृत्त झाले तरी चावी कोणी मागितली नव्हती.

"दोघी जा," ते म्हणाले. एकेक शब्द वेगळा, मधे श्वास. "आधी मेन स्विच खाली. मग एकीने... ब्रेकचा दांडा दाबून धरायचा. दुसरीने चाक."

"मावशी, तुम्ही जा. पहारेकऱ्याला बोलवा."

"तो पहारेकरी? त्याच्या गुडघ्यांनी सहा जिने चढायचे म्हणजे संध्याकाळ होईल."

"मग मी जाते आणि तुम्ही थांबा."

"दोघी," आजोबा म्हणाले.

"मी तुम्हाला एकटं टाकून जाणार नाही."

हे ती म्हणाली ते अगदी शांतपणे, आणि खरं म्हणजे तिला दुसरं काही करताच येत नव्हतं. तिची बोटं त्यांच्या मनगटाभोवती मिटली होती ती उघडेनात. महिनोन् महिने तिने हेच केलं होतं. ती इथे असली की आजोबा जिवंत, ती गेली की काही सांगता येत नाही. एवढंच तिचं गणित होतं आणि त्याच्या चार भिंतींत ती राहत होती.

आजोबांनी दुसरा हात तिच्या मुठीवर ठेवला. तो गार पडला होता.

"तू इथे बसून... मला श्वास देतेस का?"

तिने मान हलवली. नाही.

"मग आजवर... कोण देतंय?"

मावशी चुळबुळत उभ्या होत्या. घंटी पुन्हा वाजली.

"मी एकटा नसतो, पोरी," आजोबा म्हणाले. "चाकाला ओढायचं नाही. लिफ्ट जवळपास रिकामी आहे... दुसऱ्या टोकाचं वजन जास्त. ती आपली आपण वर येते. तू फक्त आवर. दोरावर पिवळा पट्टा आहे... खुणेसमोर आला की दांडा सोडायचा. जा."

तिने एकेक बोट उचललं. जणू ती दुसऱ्या कोणाची होती. मग चावी घेतली आणि मागे न बघता धावली. मागे बघितलं असतं तर राहिली असती.

मशीनच्या खोलीत जुन्या तेलाचा वास होता, आजोबांच्या कामाच्या कपड्यांना यायचा तोच. जाळीतून उजेड येत होता. तिने मेन स्विच खाली ओढला. मोटरच्या टोकाला लोखंडी चाक, पलीकडच्या पुलीवरून खाली अंधारात गेलेले जाड दोर. तिने जमिनीतल्या फटीला तोंड लावून ओरडून सांगितलं, "दरवाज्यापासून लांब उभे राहा. वर आणतोय."

"कोण आणतंय?" खालून आवाज आला.

"मी."

"तू म्हणजे कोण?"

"इन्स्पेक्टर."

"बरं," आवाज म्हणाला. त्या 'बरं'मधे फारसा विश्वास नव्हता.

मावशींनी ब्रेकच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले. दिवसभर जाड कापड ओढणारे हात होते ते. "सांग."

तिने चाक धरलं, पाय रोवले, दात आवळले. एक माणूस, एक सिलिंडर आणि एक अख्खी लिफ्ट आता तिला ओढायची होती. आजोबा म्हणाले होते ओढू नको, पण अंग ऐकतंय थोडंच? "दाबा."

मावशींनी दांडा दाबला. आणि चाक तिच्या हातात आपणहून फिरायला लागलं.

ती इतकी चकित झाली की पहिल्या झटक्याला चाक निसटलंच. मग तिने ते धरलं. ते तिला ढकलत होतं, सावकाश पण ठाम, एखादं मोठं जनावर दावं ओढत गोठ्याकडे निघावं तसं. तिला काही ओढायचं नव्हतं. नुसतं फार जोरात जाऊ द्यायचं नव्हतं. खाली त्या काळोखात कोणी न बघितलेल्या लोखंडी लाद्या उतरत होत्या आणि त्या उतरत होत्या म्हणून लिफ्ट चढत होती. दोरावरून काळपट ग्रीस सरकत होतं, पुढे, आणखी पुढे. आजोबांचा श्वास इथून ऐकू येत नव्हता. काटा नव्हता, सूं नव्हतं, तपासायला काहीच नव्हतं.

"प्रभू, त्यांना धर," ती म्हणाली. एवढीच प्रार्थना झाली. ड्युटी नाही, वेळापत्रक नाही, पुढचं काही नाही. आणि ती म्हटल्यावर, तिचं तिलाच नवल वाटलं, खाली पळत जाऊन त्याने धरलंय की नाही ते बघावंसं वाटलं नाही. म्हणजे, थोडं वाटलं. पण हात चाकावर राहिले.

पिवळा पट्टा आला. पुसट, सोललेला, आजोबांच्याच ब्रशने कधीतरी मारलेला. खुणेपाशी आला.

"सोडा."

खट्. चाक थांबलं. खालून जाळीचा दरवाजा खडखडत उघडल्याचा आवाज आला, आणि मग जिन्यात जड, धावती पावलं.

ती घरात शिरली तेव्हा आजोबा तसेच बसले होते, पुढे झुकून, डोळे मिटून. ओठ निळसर, पण मेणबत्ती विझवणं चालूच. सिलिंडरवाल्याने सिलिंडर टेकवला, नळी जोडली, चावी फिरवली. काटा उठून उभा राहिला. इन्स्पेक्टरने आयुष्यात पहिल्यांदाच काट्याकडे बघितलं नाही. ती आजोबांच्या ओठांकडे बघत होती. हळूहळू त्यांच्यात माणसाचा रंग आला.

मग सगळे एकदम बसले. मावशी जमिनीवर, सिलिंडरवाला दाराशी.

"मला लिफ्टमधे शिरल्यावर आठवलं, आज तुमचा वार नाही," तो घाम पुसत म्हणाला. "अशी चूक माझ्याकडून होत नाही हो. म्हटलं, उगीच चढवला, आता परत न्यायचा. तेवढ्यात लाईट गेली." त्याची नजर पडद्यामागच्या जुन्या सिलिंडरकडे गेली. त्याने तो एका हाताने तिरका केला, मग काट्याकडे बघितलं. "हा संपलेला? लाईट तर आत्ता गेली."

इन्स्पेक्टरने सांगून टाकलं. तपासायचं, 'सूं' ऐकायचं, कालची घाई, सगळं. सांगताना कान तापले होते.

सिलिंडरवाल्याने जुना सिलिंडर परत सरळ उभा केला. "मी सांगितलं होतं, भरलेला आहे म्हणून."

"हो."

"आणि तू ऐकलं नाहीस."

"हो."

"लिफ्टमधे मला घाम फुटला होता," तो म्हणाला. "वाटलं, हवा संपणार. जवळ भरलेला सिलिंडर असून."

पहिल्यांदा मावशी हसल्या, मग आजोबा, मग आजोबांना कोणी हसवू नये म्हणून सगळे गप्प झाले.

वीज आली, मशीनचं घूंऽऽ सुरू झालं. मग ॲम्ब्युलन्सवाले जिने चढून धापा टाकत पोचले, आजोबांना तपासलं, ठीक आहेत म्हणाले. संध्याकाळी आईला सगळं कळलं. भाषण झालंच, झोळीच्या दिवसानंतरचं सर्वांत लांब. पण शेवटी आईने तिला जवळ घेतलं आणि नळाखाली धरून तिच्या हातांचं ग्रीस साबणाने घासून काढलं. लहान मुलीचं काढावं तसं.

पुढच्या शनिवारी मावशींनी आपलं मशीन आजोबांच्या खोलीत आणलं. दोन मशीनं शेजारी शेजारी, एक घूंऽऽ, एक खडखड. "इन्स्पेक्टर, जा आता," मावशी म्हणाल्या. "सिलिंडरच्या चावीला मी हात लावणार नाही. आणि तूही लावणार नाहीस."

ती दारापर्यंत गेली, परत आली. आजोबांची उशी सारखी केली. पुन्हा दारापर्यंत गेली, पुन्हा परत आली. पडद्याकडे एक पाऊल टाकलं.

"चोर सापडला का?" आजोबांनी डोळे न उघडता विचारलं.

"जातेय ना."

जिन्यापाशी ती थांबली. मग वळली आणि लिफ्टचं बटण दाबलं. जाळीचा दरवाजा ओढला, आत उभी राहिली. लिफ्ट निघाली तशी तिने जाळी धरली. वर आजोबा राहिले होते, आणि ती त्यांच्यापासून खाली, आणखी खाली चालली होती. तिने गाण्याची पहिली ओळ गुणगुणायचा प्रयत्न केला. आवाज पहिल्यांदा चिरकला.

चौथा मजला. तिसरा. मधेच कुठेतरी भिंतीपलीकडून एक घरंगळल्यासारखा मंद आवाज आला आणि तिच्या शेजारून वर गेला. जाळीला नाक लावूनही तिला काही दिसलं नाही. पण ते काय आहे ते तिला माहीत होतं. तिने ती ओळ पुन्हा धरली, या वेळी मोठ्याने.